हातचे पाते आणि पात्यावरचे नाव

(दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी, वाशीम जिल्ह्यातील एका गावी लोहार, घिसाडी व इतर कारागीर, तसेच शेतकरी बंधुभगिनी यांच्या बैठकीत झालेले भाषण.)



या बैठकीचा निरोप फिरवताना आम्ही एकच अट घातली होती. ज्याने त्याने आपल्या हातचे एकच पाते आणावे, आणि तेही असे की, ज्याकडे बोट दाखवून 'हे मी केले' म्हणताना मान खाली घालावी लागू नये. सुरी आणा, विळा आणा, पावशी आणा, रापी आणा. पण एकच आणा. निरोप ऐकून बहुतेकांनी आम्हांस उलट विचारले, "अहो, आमच्यापाशी शिल्लक आहेच कुठे? केले की विकले, विकले की पीठ आणले." ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती, आणि आम्ही स्वतः लोहाराच्या पोटी जन्मलेले! सोनाराच्या घरी निदान पोरीच्या कानात एखादी बाळी सापडेल. लोहाराच्या घरची भाजी मात्र बाजारातल्या पत्र्याच्या सुरीने चिरली जाते. जे चांगले उतरले ते गिऱ्हाइकाचे, आणि ज्याला चीर गेली, जे वाकडे झाले, ते घरचे. असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब.

तेव्हा झाले असे की, जो तो आपल्या गिऱ्हाइकाच्या दारी गेला आणि आपणच केलेले पाते एका दिवसापुरते उसने मागून आला. या सतरंजीवर आज चौदा पाती मांडली आहेत, त्यांतली दहा उसनी आहेत. आणि काहींच्या मागोमाग त्यांचे धनीही आले आहेत. त्या कोपऱ्यात बसलेल्या आजीबाई पाहा. आपली पावशी परक्या माणसांत एकटी पाठवायला त्या तयार नव्हत्या, म्हणून सोबत आल्या. सकाळपासून त्यांची नजर पावशीवरून हटलेली नाही. आम्ही पुष्कळ सभा पाहिल्या, पुष्कळ मानपत्रे ऐकली. पण कारागिराला याहून मोठे मानपत्र मिळालेले आमच्या पाहण्यात नाही.

आधी त्या पावशीचेच सांगतो. तिचे पाते आज दोन बोटे रुंद उरले आहे. करणारा म्हणतो, करताना ते चार बोटे होते. म्हणजे निम्मे पोलाद त्या घराने वांग्या-भोपळ्याबरोबर खाऊन संपवले, आणि तरी राहिलेले अर्धे पहिल्याइतकेच चालते. असे का व्हावे? कारण हे पाते एका जुन्या मोठ्या कानशीचे आहे. कानस म्हणजे आरपार पोलाद. शंभर भाग लोखंडात एक भाग, कधी त्याहून किंचित अधिक, कोळशाचा अंश तीत असतो. बाजारात मिळणाऱ्या मऊ पट्टीत तो पाव भागही नसतो. म्हणून तिला तुम्ही किती तापवा नि किती पाण्यात बुडवा, ती काही कडक होत नाही. मऊ लोखंडाला नुसत्या कडेला पोलादाची पट्टी जोडण्याची रीत जुनी आहे आणि वाईटही नाही. पण कड झिजली की पाते संपले. या कारागिराने आणखी एक गोष्ट केली, जी आपल्यातले घाईचे लोक करीत नाहीत. कानशीचे सगळे दात त्याने आधी घासून साफ काढले आणि मगच ती भट्टीत घातली. दात तसेच ठेवून ठोकले तर ते आत दुमडतात, आणि पुढे कधीतरी नेमका तिथूनच तडा जातो. घासायला त्याचा अर्धा दिवस गेला असेल. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे त्याने आजीबाईंकडून घेतले नाहीत, हे आम्ही त्याला विचारून घेतले आहे. घ्यायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे तो सत्तूर आहे, ट्रकच्या कमानपाट्याचा. खाटीकभाऊंनी तो मोठ्या कष्टाने दिला आणि दुपारपर्यंत परत हवा म्हणून बजावले. कमानपाट्यात कोळशाचा अंश अर्ध्या ते पाऊण भागाच्या आसपास असतो. कानशीइतकी धार तो धरत नाही, पण हाडावर आपटला तरी तुटत नाही. ज्याचे काम त्याला शोभते. बाजूची ती रापी आहे. ती यंत्राच्या करवतीच्या तुटक्या पात्याची. ते पोलाद निराळेच असते, भट्टीत घालायचे नसते, थंड ठेवून नुसते घासायचे असते. यावरून सकाळी थोडा वादही झाला. जे ठोकलेच नाही ते हातचे कसे, असे कोणी म्हणाले. ज्यांची रापी ते चांभारकाका शांतपणे बोलले, "कातडं हे विचारत नाही, बाप्पा." वाद तिथेच मिटला. न्हाव्याचा वस्तरा मात्र सतरंजीवर एकही आला नाही. रोगराईच्या भयाने दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालण्याची पद्धत पडली, ती आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण वस्तऱ्याला पाणी देणारा हात त्याबरोबर गेला.

आता त्या तरुणाच्या सुरीकडे वळू. तिच्याभोवती सकाळपासून पोरांची गर्दी आहे. मूठ शिसवीची, पितळेचे खिळे, आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. फोनवर पाहून पाहून तो हे शिकला. मोटरसायकलची साखळी आणि जुन्या करवतीचे तुकडे एकत्र तापवून, ठोकून, दुमडून, पुन्हा ठोकून त्याने हे पाते साधले. काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. 'याने काय शेत पिकते?' म्हणाले. आम्हांस ते पटले नाही. दोन निरनिराळी पोलादे एकजीव करणे, आणि मध्ये कुठेही पोकळी राहू न देणे, हे आमच्या वडिलांना साधत होते; आमच्या हातून दोनदा बिघडले. ज्याला साधले त्याला शाबासकी द्यावी.

मात्र त्या तरुणाने पाट्यावर जे लिहिले आहे, 'दमास्कसी पोलाद', त्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे; कारण त्या नावात आपल्याच शेजारच्या कारागिरांचे नाव बुडाले आहे. दमास्कस हे तिकडे दूर सीरिया देशातले शहर. तिथल्या नावाने ज्या तलवारी जगभर गाजल्या, त्यांचे अस्सल पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून आणि दख्खनमधून जात असे. आपल्या यवतमाळ-नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, निर्मळ आणि कोनासमुद्रम ही गावे आहेत. तिथे लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत बंद करून तासन्‌तास फुंकीत आणि मग सावकाश निवू देत. त्यातून जे पोलाद निघे त्याच्या अंगातच नक्षी असे. दोन लोखंडे दुमडून ती आणावी लागत नसे. इराणचे व्यापारी ते घ्यायला कोनासमुद्रमपर्यंत येत. परदेशात या पोलादाला वूट्झ म्हणत. विलायतेत मायकेल फॅरडे नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. विजेच्या यंत्राचा पाया ज्याने घातला तोच. त्याने १८१९ च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या शस्त्रवैद्यांची हत्यारे करणाऱ्या कारागिराबरोबर याच पोलादाची परीक्षा केली. हा फॅरडे कोणाचा मुलगा होता ठाऊक आहे? लोहाराचा. बाप ऐरणीवर, मुलगा आधी पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवार, आणि मग जगाचा गुरू. जन्मावरून अक्कल मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तेव्हा, बाळ, तुझ्या सुरीला दमास्कसचे नाव देऊ नकोस. दुमडीचे पोलाद म्हण, नक्षीचे म्हण, आणि खाली आपल्या गावाचे नाव घाल. आणि आणखी एक ध्यानात ठेव. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जे नियम आहेत, त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी-कट्यार हत्यारात मोडते. घरकामासाठी, शेतीसाठी आणि धंद्यासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणून आपला विळा, कोयता, सत्तूर यांना भय नाही. पण शोभेची म्हणून लांब कट्यार करून कोणी मागितली, तर हौसेला बळी पडू नकोस. मागणारा पैसे देऊन निघून जाईल, आणि पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसण्याची पाळी करणाऱ्यावर येईल.

आपल्या या मातीत लोखंडाचे काम काल-परवाचे नाही. नागपूरजवळ नायकुंड येथे १९७० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, त्यात अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीच्या दगडी वर्तुळांखालच्या थडग्यांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याच्या तोंडातले लगाम मिळाले. त्या कुऱ्हाडींना दांड्याशी पक्के बांधण्यासाठी फुलीसारखी लोखंडी पट्टी घालीत. कोणा लोहाराची ही युक्ती, पण ती इतकी पक्की की, नुसती ती पट्टी पाहून विद्वान म्हणतात, ही कुऱ्हाड विदर्भाची. आणि आपले वाशीम? हे वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. राजाने एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचा मजकूर त्यांत आहे. देणाऱ्याचे नाव आहे, त्याच्या बापाचे आहे, आज्याचे आहे. घेणाऱ्यांचीही नावे आहेत. ज्या छिन्नीने ती अक्षरे तांब्यात उतरली, ती छिन्नी ठोकणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही. सोळाशे वर्षे झाली. आम्ही कोणावर राग धरून हे बोलत नाही. पण आजच्या बैठकीचा मुद्दा याच्याशीच लागून आहे, आणि त्याकडेच आता येतो.

सतरंजीवर डावीकडून पाचवा विळा आहे तो घिसाडी बांधवांचा. आज सकाळी यादी करताना आम्ही विचारले, हा कोणी केला? नवरा म्हणाला, "मी." बायको तोंडाला पदर लावून हसली. आम्हांस काही ते हसणे सोडवेना. म्हटले, वहिनी, तुम्ही काय केले? ती म्हणाली, "मी कायले करू? मी फक्त घण मारला." फक्त घण! सांडशीत लोखंड धरून ते फिरवणारा हात एक, आणि त्यावर पाच-सहा शेरांचा घण नेमक्या जागी, नेमक्या जोराने घालणारे हात दोन. धरणाराने हातोडीने जागा दाखवायची, मारणारीने क्षणात ओळखायची. उशीर झाला तर लोखंड काळे पडले, तिरपा पडला तर पाते पिळले. पोटात पोर असताना सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत या बाया घण मारतात, हे रस्त्याने जाणाऱ्या सर्वांनी पाहिले आहे, आणि बघून न बघितल्यासारखे केले आहे. आम्ही यादीत त्या विळ्यापुढे दोघांची नावे लिहिली. नवऱ्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "लिवा." तो भला माणूस आहे.

हे आम्ही कौतुकासाठी सांगत नाही, यात रोकडा प्रश्न आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंदे तिच्यात घेतले. लोहार आहे, हातोडे-अवजारे करणारा आहे, कुलपे करणारा आहे, न्हावी, चांभार आहे. शिकताना रोज पाचशे रुपये भत्ता, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पहिल्या खेपेस एक लाखापर्यंत कर्ज पाच टक्क्यांनी, असे तिचे स्वरूप ठरवले. योजना वाईट नाही. परंतु नियमात एक कलम घातले: एका कुटुंबातून एकाच जणाची नोंद. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुले. आता सांगा, घण मारणारीचे नाव कोणत्या रकान्यात जाणार? कागदावर कारागीर एकच, भट्टीवर दोन. ज्यांच्या हातात अर्ज भरण्याचे काम येईल त्यांनी निदान घरात विचारून भरावा, आणि ज्या घरी नवरा दारूपायी भट्टीकडे फिरकतही नाही, त्या घरी बेलाशक बाईचे नाव घालावे. तसे घालायला नियमाची आडकाठी नाही, आडकाठी आपल्या मिशांची आहे.

येथे कोणी म्हणेल की, पूर्वी बरे होते, बलुते होते, खळ्यावर गेले की दर आउताला ठरलेले धान्य मिळे. आम्ही ते खळे पाहिले आहे. वर्षभर फाळ पाजवा, वखराची पास ठोका, डवऱ्याची जुळणी करा, आणि सुगीत पदर पसरून उभे राहा. रास कशी मोजायची आणि आपल्या वाट्याला तळचे, मातीत मिसळलेले किती घालायचे, हे पाटलाच्या मर्जीवर. भाव करण्याची सोय नाही, कारण तो सौदा नव्हताच. बलुते गेले त्याचे आम्हांस दुःख नाही. दुःख याचे की, बलुते गेले आणि त्याच्या जागी मोल आले नाही. आजही शेतकरीदादा ट्रॅक्टरच्या फाळाचे पैसे दुकानदाराला मागेल तितके मोजतो, आणि विळ्याला धार लावून घेताना आम्हांस म्हणतो, "घे रे, चहापाण्याला." खांडेनवमीला हत्यारांची पूजा करतो, झेंडूचे फूल वाहतो, ते हत्यार करणाऱ्याची उधारी मात्र दिवाळीवर टाकतो. समोर शेतकरीदादा बसले आहेत, ते हसत आहेत. हसा, पण हिशेबही पाहा.

शेतकऱ्यांवर एवढे बोललो, आता आमच्यावरही बोलले पाहिजे. या सतरंजीवर पंधराव्या पात्याची जागा मोकळी आहे. ती आमची. ती मोकळी का, ते सांगतो.

काही वर्षांमागे सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती. पाऊस येणार अशी हवा, सगळे गाव एकाच वेळी विळे मागत होते. आम्ही एका रात्रीत तीस विळे उतरवले. लोखंड लालभडक केले, विहिरीच्या गार पाण्यात घातले, चर्र आवाज झाला, घासले आणि सकाळी दिले. ज्यांनी हे काम केले आहे त्यांच्या ध्यानात चूक आलीच असेल. पाणी दिल्यावर पाते काचेसारखे कडक होते. त्याला पुन्हा मंद आचेवर धरून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून उजळलेल्या पात्यावर रंग चढत जातात: आधी गव्हाळ पिवळा, साधारण दोनशेतीस अंशांना, मग तांबूस, मग जांभळा, तीनशेच्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबावे, विळ्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. वडिलांनी दहाव्या वर्षी शिकवले होते. तीस विळ्यांना तेवढा वेळ लागला असता, तर दहा गिऱ्हाइके दुसऱ्या गावी गेली असती. म्हणून आम्ही तो वेळ खाल्ला.

तिसऱ्या दिवशी एक बाई भट्टीवर आली. मजुरीने सोंगणाऱ्या टोळीतली. उजव्या हाताला फडके गुंडाळलेले, डाव्या हातात विळ्याचे दोन तुकडे. बुंधा दगडाला लागला, पाते मध्येच मोडले, आणि एक कपची तळहातात शिरली होती. ती ओरडली नाही. तुकडे ऐरणीवर ठेवले आणि म्हणाली, "लोहारदादा, आता मी काय दातानं सोंगू?" एकरावर ठरलेली मजुरी, तीत तिचा वाटा, हात बरा होईपर्यंत तो गेला. विळ्याचे पैसे परत देऊ केले, ते तिने घेतले. मजुरीचेही देऊ केले, तेही घेतले. का घेऊ नये? तिने उपकार मानले नाहीत, हे आम्हांस आवडले.

मग तिच्यासाठी आम्ही दुसरा विळा केला. कमानपाट्याचा जुना तुकडा घेतला; आधी सहाणेच्या चाकावर ठिणगी पाहिली. मऊ लोखंडाची ठिणगी लांब नि सरळ जाते, पोलादाची टोकाला फुटून तिला फाटे येतात. ठोकताना लोखंड पांढरे होऊ दिले नाही. तापवताना एक चुंबक टांगून ठेवला. लोखंड साधारण पावणेआठशे अंशांजवळ गेले की चुंबक त्याला ओढीत नाही, त्याहून अंमळ वर गेले की बाहेर काढायचे. डोळ्याला रंग फसवतो, विशेषतः दुपारच्या उजेडात. चुंबक फसवत नाही. पाण्यात न घालता कोमट तेलात घातले. पातळ पात्याला गार पाण्याचा धक्का सोसत नाही, केसासारखी चीर जाते आणि ती घासताना दिसतही नाही. मग तापल्या वाळूवर ठेवून जांभळा रंग येईपर्यंत बसून राहिलो. मूठ तिच्या हाताच्या मापाची केली. बाजारातल्या मुठी पुरुषाच्या मुठीच्या मापाच्या असतात आणि सोंगणीला बहुतेक बाया असतात, हे इतकी वर्षे विळे करून आम्हांस त्या दिवशी कळले. बोभाट बाभळीचा दांडा होता, तासून तासून पाऊण इंचाने बारीक केला.

त्या विळ्याला नक्षी नाही, पितळ नाही. पण आम्हांस कोणी विचारले की तुमच्या हातचे सर्वांत चांगले काय, तर आम्ही तोच दाखवू. म्हणून परवा तिच्या घरी मागायला गेलो. ती शेतात होती, बांधावर गाठले. सगळे सांगितले: बैठक आहे, लोक येतील, पाहतील, तुझेही नाव घेऊ. तिने हातातले काम थांबवले नाही. म्हणाली, "सोंगणी चालू हाये दादा. इळा तुमच्या सभेले देऊ, त मी त्या दिवशी काय करू?" आम्ही परत आलो. जागा मोकळी ठेवली ती म्हणून.

परत येताना मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या रात्री आम्ही ते तीस विळे केले, त्यांवर आमचे नाव असते तर आम्ही तसे केले असते का? ती बाई आमच्याकडे आली, कारण तिला आमची भट्टी ठाऊक होती. बाजारात विकला गेलेला विळा कोणाकडे घेऊन जाणार? विलायतेत शेफील्ड हे सुऱ्यांचे मोठे गाव. तिथल्या कारागिरांनी १६२४ साली कायदा करून घेतला आणि आपली पंचायत स्थापली. प्रत्येकाने आपला ठसा नोंदवायचा, तो पात्यावर मारायचा, दुसऱ्याचा ठसा मारला तर दंड. जपानात साकाई गावी आजही ठोकणारा निराळा, धार लावणारा निराळा, आणि सुरीवर नाव कोरलेले. आपणांस पंचायत लगेच जमणार नाही, हे आम्ही जाणतो. तेलात आणि पाण्यात फरक मानायला लावणेच जिथे जड जाते तिथे पंचायत कसली! पण ठसा जमेल. पोलादाचा एक खिळा, टोकावर एक अक्षर किंवा खूण उलटी कोरायची, त्याला पाणी द्यायचे, आणि पाते लाल असताना मुठीजवळ एक घाव घालायचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी चंद्र काढा, बैलाचे शिंग काढा. दोघे मिळून काम करतात त्यांनी दोन खुणा घालाव्या. घिसाडी वहिनींनी आपली खूण सकाळीच ठरवली आहे, एक चुडी.

ठसा घातला म्हणून कोणी जास्त पैसे देईल असे आश्वासन आम्ही देत नाही. दुकानात पत्र्याचा विळा आमच्या निम्म्या किमतीत मिळतो, आणि ज्याच्या खिशात तेवढेच आहेत तो तोच घेणार. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र ज्याला दोन हंगाम पुरणारा हवा असेल, त्याला तो कोणाकडे मागायचा एवढे कळेल. आणि मोडला तर कोणाच्या दारात तुकडे टाकायचे, हेही कळेल. ही दुसरी गोष्ट ज्यांना नको असेल त्यांनी ठसा करू नये.

बाहेर आंब्याखाली भाता लावून ठेवला आहे, ऐरण आहे, खिळ्यांसाठी कानशीचे तुकडे आणले आहेत. आपल्या सहाही तालुक्यांतून माणसे आली आहेत, रिसोडची आणि मानोऱ्याची मंडळी लांबून आली, त्यांना शेवटची गाडी गाठायची आहे. त्यांचे ठसे आधी करू. खाटीकभाऊंचा सत्तूर कोणीतरी नेऊन पोचवावा, दुपार केव्हाच टळली. आणि आजीबाईंची पावशी त्यांच्या हातात द्या, धार एकदा पुसून द्या. त्यांच्या घरी संध्याकाळची भाजी अजून चिरायची आहे.